विचारल्यावर सांगावी ती साक्ष

(रुग्णालयाच्या वार्षिक दिनाच्या कार्यक्रमात प्रयोगशाळेतील निवृत्त तंत्रज्ञांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



'दैनंदिन कामातून ख्रिस्ताची साक्ष' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी पाळक नाही, उपदेशक नाही. या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षे मी रक्त, लघवी आणि थुंकी तपासली. प्रयोगशाळेला एक लहानशी खिडकी आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. त्या खिडकीतून नमुना आत येतो आणि काही वेळाने रिपोर्ट बाहेर जातो. माणसाचा चेहरा त्या चौकटीत जेमतेम मावतो. माझे सगळे अनुभव त्या चौकटीएवढेच आहेत. पण पाळकसाहेब म्हणाले, "जे खिडकीतून दिसले तेवढेच सांगा." म्हणून उभा राहिलो आहे.

त्या खिडकीपाशी दोन प्रश्न मला वारंवार ऐकू आले. पहिला प्रश्न भेटीला येणाऱ्या काही हितचिंतकांचा. इमारत पाहून झाली, यंत्रे पाहून झाली, की ते थोडे बाजूला घेऊन विचारीत, "एवढे रुग्ण येतात, त्यांच्यापैकी कितीजणांना सुवार्ता सांगितली जाते?" दुसरा प्रश्न रुग्णांच्या नातेवाइकांचा. तोही हलक्या आवाजात विचारलेला असे. "भाऊ, इथे औषध घेतले तर आमचा देव सोडावा लागतो का?" दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. दोघांनाही मी आज एकच उत्तर देणार आहे, आणि ते उत्तर मला कसे सापडले हे सांगणार आहे.

आपला हा भाग दूरच्या पाहुण्यांना थोडा सांगावा लागेल. मी कामाला लागलो तेव्हा हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. एका बाजूला सातपुडा आणि पलीकडे नर्मदा, मधून तापी, दुसऱ्या बाजूला गुजरातची सीमा. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि तीत दहांपैकी जवळजवळ सातजण आदिवासी होते. भिल्ल, पावरा, मावची, तडवी, कोकणी अशा अनेक समाजांची ही भूमी. घरात बोलायची भाषा वेगळी, बाजारातली वेगळी आणि सरकारी कागदावरची तिसरीच. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि होळीला घराकडे परततात. आजारपण आले की आधी भगताकडे, मग गावातल्या इंजेक्शनवाल्याकडे, आणि हातातले सगळे संपले की रुग्णालयात, असा क्रम अनेक वर्षे होता. म्हणजे आमच्या खिडकीशी येणारा माणूस बहुधा थकलेला, घाबरलेला आणि कफल्लक असे. हे लक्षात ठेवून पुढचे ऐकावे.

मी नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते. पावसाळ्याचे अखेरचे दिवस होते आणि हिवतापाची मोठी साथ होती. रात्री अकराच्या सुमारास एक आई सात-आठ वर्षांच्या मुलाला पाठीशी बांधून घेऊन आली. मुलाला झटके येत होते. मी बोटातून रक्त घेतले, काचपट्टी रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. फाल्सिपॅरम मलेरियाच्या त्या नाजूक अंगठ्या जागोजागी दिसत होत्या. मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितले आणि क्विनीनचे सलाइन सुरू झाले. इथपर्यंत माझे काम चोख झाले होते.

त्यानंतर मी जे केले ते सांगायला आजही संकोच वाटतो. मी तरुण होतो, उत्साही होतो. खिशातून एक सुवार्ता-पत्रिका काढली, त्या बाईच्या हातात दिली आणि खाटेशेजारी उभा राहून पंधरा मिनिटे तिला प्रभूविषयी सांगितले. ती माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. मला धन्य वाटले.

रात्रपाळीच्या वयस्कर सिस्टरनी ते पाहिले होते. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी मला बोलावले.

"ती बाई मान का डोलवत होती, ठाऊक आहे का तुला?"

"तिला पटत होतं, सिस्टर."

"नाही रे बाबा. तिचं पोर आपल्या हातात होतं. त्या वेळी तू काहीही सांगितलं असतंस तरी तिने मान डोलावली असती. ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही, त्याला सुवार्ता सांगता येत नाही. त्याला ती फक्त ऐकवता येते."

मुलगा वाचला. पाचव्या दिवशी घरी जाताना त्या आईने नीट घडी घालून जपून ठेवलेली ती पत्रिका पदराच्या गाठीतून काढली आणि सिस्टरना विचारले, "बाई, ही चिठ्ठी कोणत्या खिडकीवर द्यायची?" तिला वाचता येत नव्हते. तो रुग्णालयाचाच कागद आहे, तो हरवला तर पोराचे औषध थांबेल, असे समजून तिने पाच दिवस तो जिवापाड सांभाळला होता.

मित्रहो, ३१ वर्षांत माझ्या हातून अनेक चुका झाल्या. पण आईच्या भीतीला मी श्रद्धा समजलो, ही त्यातली मोठी चूक होती. त्या दिवशी सिस्टरनी मला काही वाचायला सांगितले नाही; पण मी घरी जाऊन लूककृत शुभवर्तमान उघडले. लूक स्वतः वैद्य होता असे आपण मानतो. त्याने दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट नोंदवली आहे. दहाही जण बरे झाले. त्यांतला एकच परत आला आणि त्याने देवाचे गौरव केले. आपण नेहमी त्या एकावर प्रवचने ऐकतो. त्या रात्री मी प्रथमच उरलेल्या नऊजणांचा विचार केला. ते परत आले नाहीत, त्यांनी आभार मानले नाहीत. तरी त्यांचे बरेपण प्रभूने काढून घेतले नाही. त्यांचे अंग तसेच शुद्ध राहिले. येशूने बरे करण्याला किंमत लावली नव्हती, आणि पुढे कोण परत येईल हे पाहून बरे करायचे की नाही हेही ठरवले नव्हते. आपल्या रुग्णालयाच्या दारावर काही लिहायचेच असेल, तर त्या नऊजणांची आठवण लिहावी, असे मला वाटते.

मराठी ख्रिस्ती समाजाला हे नव्याने सांगण्याची खरे तर गरज नाही. आपल्या घरातच त्याचे उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. त्यांच्यासारखा वाणीचा धनी दुसरा कोण होता? पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्या शब्दाने ख्रिस्ती झाल्या नाहीत. घर मोडल्याचे दुःख त्यांनी भोगले, टिळकांशी भांडल्या, पुढे एका छपराखाली राहूनही आपले सोवळे त्यांनी निराळे ठेवले. माणसामाणसांतला विटाळ देवाने निर्माण केला असेल काय, हा प्रश्न त्यांच्या मनात त्यांचा त्यांनाच पडला, तेव्हा त्या वळल्या. आणि टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षांनी त्यांनी स्वतःचा निर्णय घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. पाच वर्षे ज्या बाईला ठामपणे 'नाही' म्हणता आले, तिचा होकार म्हणूनच इतका मोलाचा ठरला.

देशाचा कायदाही याहून वेगळे सांगत नाही. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्यही दिले आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. काहींना तो निकाल अडचणीचा वाटतो. मला मात्र तो वाचताना आमच्या सिस्टरची आठवण होते. जे न्यायालयाने कायद्याच्या भाषेत सांगितले, ते त्यांनी चहाचा कप हातात धरून सांगितले होते.

मग आम्ही ख्रिस्ती माणसांनी गप्पच राहावे काय? हा प्रश्न मी सिस्टरना विचारला होता. त्या म्हणाल्या, "गप्प कोण राहा म्हणतंय? तू साक्षीदार आहेस ना? मग साक्षीदारासारखा वाग."

'साक्ष' हा शब्द आपण चर्चमध्ये इतका वापरतो, की तो कोर्टातला शब्द आहे हे विसरतो. कोर्टातला साक्षीदार आपणहून उठून भाषण करीत नाही. त्याला विचारले जाते, तेव्हा तो सांगतो. जे स्वतः पाहिले तेवढेच सांगतो. ऐकीव सांगितले तर न्यायाधीश थांबवतात. आणि मुख्य म्हणजे, साक्षीदार खरा आहे की खोटा हे त्याच्या एरवीच्या वागणुकीवरून लोक ठरवतात. प्रयोगशाळेच्या कामात मला या तिन्ही गोष्टी शिकायला मिळाल्या.

पहिली गोष्ट, थांबणे. सर्पदंशाचे रुग्ण आपल्याकडे पावसाळ्यात सतत येतात. विषाने रक्त गोठण्याची शक्ती गेली आहे का, हे पाहण्याची एक साधी तपासणी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर ताजे रक्त घ्यायचे आणि ती नळी २० मिनिटे मुळीच न हलवता उभी ठेवायची. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. रक्त ओघळले, तर ते गोठलेले नाही; घोणस किंवा फुरशासारख्या सापाचे विष अंगात भिनले आहे असे समजून डॉक्टर प्रतिविष सुरू करतात. ही तपासणी शिकायला पाच मिनिटे पुरतात. ती वीस मिनिटे काढायला मात्र माणसाला आयुष्यभर शिकावे लागते. खिडकीशी मुलगा उभा असतो, आत बाप तळमळत असतो, मुलगा दर मिनिटाला विचारतो, "झालं का, भाऊ?" आणि आपल्याला नळी उचलून पाहण्याचा मोह होतो. पण मध्येच हलवली की ती तपासणी विश्वासाची राहत नाही.

अशाच एका रात्री मी नळीपुढे बसून मनातल्या मनात प्रार्थना करीत होतो. रक्त गोठले नव्हते. प्रतिविष दिले गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत म्हातारबाबांची प्रकृती सावरली. संध्याकाळी त्यांचा मुलगा खिडकीशी आला. काही नमुना द्यायचा नव्हता. त्याने विचारले, "काका, काल तुमचे ओठ हलत होते. काय म्हणत होता?" मी म्हणालो, "तुझ्या बाबांसाठी प्रार्थना करीत होतो. चालेल ना तुला?" तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "चालेल. कोणाला करीत होता?" मी सांगितले. दोन मिनिटांत सांगून झाले. त्याला आणखी काही विचारायचे नव्हते, म्हणून मीही आणखी काही सांगितले नाही. त्याचे बाबा आता धोक्याबाहेर होते, औषध मिळून गेले होते, आणि त्याला माझ्याकडून काहीही नको होते. त्याला 'नाही' म्हणायची पूर्ण सोय होती. त्या दोन मिनिटांइतकी स्वच्छ साक्ष मी पुन्हा क्वचितच दिली असेन.

दुसरी गोष्ट, खरे सांगणे. यासाठी मला माझी आणखी एक चूक सांगावी लागेल.

आपल्या भागात सिकलसेल हा आजार किती आहे, हे इथल्या कोणालाही सांगायला नको. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांध्यांत असह्य कळा येतात, मूल पिवळे पडते, वारंवार आजारी होते. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या भागात झाली. आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आजार आईवडिलांकडून येतो. एकाकडूनच दोष आला, तर ते मूल वाहक असते आणि बहुधा धडधाकट जगते. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता अशी असते, की मूल या आजारानेच जन्माला येईल. म्हणून लग्नाआधी तपासणी करा, असे आपण गावोगाव सांगत आलो.

एका बाजाराच्या दिवशी खिडकीशी मोठी गर्दी होती. तपासणीसाठी आलेल्यांत दोन मुली अशा होत्या, की दोघींचे नाव एक, आडनाव एक आणि वयही सारखे. फक्त पाडे वेगळे. या तपासणीत रक्ताचा थेंब द्रावणात टाकून नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक. धूसर झाल्या तर दोष असण्याची शक्यता समजून पुढची तपासणी करावी लागते. मी घाईत नळ्यांवर फक्त नावे लिहिली. नोंदणी क्रमांक लिहिले नाहीत. दोन रिपोर्ट दोन कुटुंबांना दिले आणि ती माणसे घरी गेली.

संध्याकाळी नोंदवही पुरी करताना माझ्या लक्षात आले, की रिपोर्टांची अदलाबदल झाली आहे. माझ्या पोटात गोळा आला. जिला मी निर्दोष म्हणून पाठवले होते, तिच्याच नळीमागच्या रेघा धूसर होत्या. आणि तिचे लग्न ज्या मुलाशी ठरत होते, तो वाहक असल्याचे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितले होते. म्हणून तर ते तिला घेऊन आले होते.

आता मोकळेपणाने कबूल करतो, पहिला विचार गप्प राहण्याचाच आला. कोणाला कळणार होते? मूल झाले, आजारी पडले, तरी त्याचा संबंध एका बाजाराच्या दिवसाशी कोण जोडणार होते? रात्रभर झोप आली नाही. सकाळी वैद्यकीय अधीक्षकांना सांगितले. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "तुम्ही स्वतः जा." मी पहिल्या एसटीने निघालो, फाट्यावर उतरलो आणि दीड तास चालत पाड्यावर पोहोचलो.

मुलीचे आजोबा अंगणात बसले होते. घरात याहा मोगीची भक्ती होती. दरवर्षी देवमोगऱ्याच्या यात्रेला जाणारे ते घर. मी हात जोडून सांगितले, की चूक माझी आहे, नळ्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली, मुलीचे रक्त पुन्हा तपासावे लागेल. घरात एकदम शांतता पसरली. मग मुलीचा काका उठून म्हणाला, "ठरलेलं लग्न मोडायला आलास का?" त्याचा राग रास्तच होता. मी म्हणालो, "मोडायला नाही आलो, दादा. ठरवायचं ते तुम्हीच ठरवा. पण खरं माहीत असताना ठरवा." तिथून दुसऱ्या पाड्यावर गेलो आणि त्या मुलीच्या घरी हीच कबुली दिली. तिथे मात्र माझे बोलणे ऐकून तिची आई रडली, कारण आदल्या रात्रीपासून त्या घरात चूल पेटली नव्हती.

दोघींची तपासणी पुन्हा झाली. पहिली मुलगी वाहक निघाली, दुसरी निर्दोष. पहिल्या घराने लग्नाचे पुढे काय ठरवले, ते मी या सभेत सांगणार नाही. ते त्यांच्या घरातले आहे.

पण आजोबांचे सांगतो. परतताना त्यांनी मला जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही. तांदळाची भाकर आणि तुरीची डाळ वाढली. जेवण झाल्यावर मावचीत विचारले, "तू बोलला नसतास तर कोणालाच कळलं नसतं. मग का आलास?" मी पाहत राहिलो. इतकी वर्षे मी सुवार्ता सांगायला संधी शोधत होतो. आणि संधी आली ती माझ्या चुकीच्या वाटेने. मी त्यांना सांगितले, "बाबा, मी ज्याला मानतो त्याला अंधारातलंही दिसतं. आणि तो क्षमा करतो, म्हणून त्याच्यापुढे चूक लपवावी लागत नाही. तो मला तुमच्या दारी पाठवल्याशिवाय झोपू देईना." आजोबा म्हणाले, "चांगला आहे तुझा देव." बस, एवढेच. ते ख्रिस्ती झाले नाहीत. शेवटपर्यंत देवमोगऱ्याला जात राहिले. पण पुढे त्या पाड्यातून कोणीही तपासणीला आले, की खिडकीशी येऊन म्हणे, "आजोबांनी सांगितलंय, तिथला माणूस खरं सांगतो." दुसऱ्याच आठवड्यात प्रयोगशाळेत नियम झाला, की प्रत्येक नळीवर क्रमांक, पूर्ण नाव आणि गाव लिहिल्याशिवाय तिला हात लावायचा नाही.

तिसरी गोष्ट, दोष न देणे. सिकलसेलचा रिपोर्ट हाती पडला, की बाप हमखास विचारतो, "माझं काय चुकलं?" कधी सासू सुनेकडे बोट दाखवते, कधी गाव देवीच्या कोपाकडे. अशा वेळी मी आधी कागदावर चार गोल काढून दोष कसा उतरतो हे समजावून सांगत असे. तो कोणाच्या पापाने आलेला नाही, आईकडून आणि बापाकडून सारखाच आलेला आहे, हे चित्र पाहून अनेक सुनांच्या डोळ्यांतली भीती कमी झालेली मी पाहिली आहे. कोणी पुढे विचारलेच, तर मी योहानाच्या शुभवर्तमानातल्या जन्मांध माणसाची गोष्ट सांगे. शिष्यांनाही हाच प्रश्न पडला होता, की पाप कोणाचे. येशूने तो दोष त्या आंधळ्यावर ठेवला नाही आणि त्याच्या आईबापांवरही ठेवला नाही. त्याने त्याला बरे केले. विज्ञान आणि शुभवर्तमान हे दोन्ही त्या खिडकीत एकाच बाजूने उभे असलेले मला अशा वेळी दिसत.

बंधुभगिनींनो, आपण काही नवी वाट काढलेली नाही. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले आणि १८९७ पासून तिथे वैद्यकीय शिक्षण सुरू केले. पुढे दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात 'मिरजेला न्या' हे शब्द घराघरांत धीर देणारे झाले. ज्यांनी ते म्हटले त्यांच्यातले बहुतेक आपापल्या देवालाच हात जोडून गाडीत बसत. आपल्या जिल्ह्यात चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय १९४० च्या दशकापासून उभे आहे. अशा ठिकाणी काम केलेल्या कितीतरी परिचारिका, कंपाउंडर आणि सफाई कामगारांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत. पण त्यांनी हात धुतले, बिछाने बदलले, खरे वजन केले, खरी तारीख लिहिली. प्रभू येशू स्वतः तिसाव्या वर्षाच्या आसपास उपदेशाला बाहेर पडला. त्याआधीची वर्षे सुतारकामात गेली. पौल तंबू शिवत असे. कामाला साक्षीपासून वेगळे काढण्याची सवय आपली आहे, त्यांची नव्हती.

आता त्या दोन प्रश्नांकडे येतो.

रुग्णांच्या नातेवाइकांना मी सांगतो: आई-बाबांनो, दादा-ताईंनो, इथे औषध घेण्यासाठी तुमचा देव सोडावा लागत नाही. सकाळची प्रार्थना वॉर्डात ऐकू येते, ती आमची गरज आहे, तुमची अट नाही. नको वाटली तर सांगा. तुम्ही 'नाही' म्हटल्याने सलाइनचा एक थेंबही कमी होणार नाही. आणि तसे कधी कोणी वागलेच, तर अधीक्षकांच्या खोलीचे दार उघडे आहे.

देणगीदारांना मी नम्रतेने सांगतो: आपण विचारता तो आकडा माझ्याकडे नाही. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत काचपट्ट्यांचा रकाना आहे, हिमोग्लोबिनचा आहे, थुंकीच्या तपासणीचा आहे. श्रद्धेचा रकाना नाही, आणि कृपा करून तो आखायला सांगू नका. ज्या दिवशी तो रकाना आखला जाईल, त्या दिवशी खिडकीशी येणारा प्रत्येक चेहरा आम्हाला रुग्ण म्हणून दिसेनासा होईल. आपल्या पैशातून एक चांगला सूक्ष्मदर्शक आला, एका मुलीला पगार देऊन प्रयोगशाळेचे शिक्षण देता आले, तर सुवार्तेला त्याचा उपयोग झाला असे समजा. कारण रिपोर्ट खोटा असेल, तर त्यासोबत दिलेली साक्षही खोटी ठरते. आणि रिपोर्ट खरा असेल, तर एखाद्या दिवशी कोणीतरी न मागता, मोकळ्या मनाने, परत फिरून विचारते, "तुम्ही असे का वागता?" त्या वेळी उत्तर तयार असावे, ते थोडक्यात असावे आणि खरे असावे. दहांतला तो एक कधी परत येईल, हे ठरवणे आपल्या हाती नाही. दहांनाही नीट तपासणे आपल्या हाती आहे.

माझ्या जागी आता एक तरुण ताई बसतात. परवा मी खिडकीवर गेलो, तर त्या एका नळीवर क्रमांक, नाव आणि गाव लिहीत होत्या. बाहेर गर्दी होती. त्यांनी घाई केली नाही. माझ्या सगळ्या भाषणापेक्षा ते दृश्य बरे.

 त्या वयस्कर सिस्टर आज आपल्यात नाहीत. त्यांच्या आठवणीला वंदन करतो. प्रभू आपल्या सर्वांच्या हातांना बळ देवो आणि जिभेला संयम देवो, एवढीच प्रार्थना करून माझे दोन शब्द संपवतो.